पिवळा गुडघा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. शाळेत डिनर लेडी, म्हणजे पोरांना जेवण वाढणारी बाई होते तेव्हा मला नुसतं येताना बघून पोरं ताटातले वाटाणे गुपचूप संपवायची. अशा बाईच्या घरात फुटबॉल खेळणारा एक कोलंबियन माणूस दहा महिने राहिला. त्या दहा महिन्यांत मी त्याच्यावर चिडले पुष्कळदा, पण पोटभर हसले ते एकदाच. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. आम्ही इंग्लंडात वॉटफर्डला राहायचो, अजूनही तिथेच आहोत. लेक फिजिओथेरपी शिकायला कार्डिफला गेली आणि तिची खोली रिकामी पडली. आमचे हे सकाळी सातला गाडी काढून मिल्टन कीन्सला जायचे, ते संध्याकाळी सातला उगवायचे. आल्यावर बातम्या, जेवण, झोप. घर नुसतं खायला उठायचं. शाळेच्या किचनमध्ये माझ्याबरोबर एक आयरिश बाई होती. तिचा नवरा जवळच्याच एका क्लबात किटमन, म्हणजे खेळाडूंचे कपडे धुण्यापासून बूट पुसण्यापर्यंत सगळं त्याच्या अंगावर. क्लब अगदी खालच्या डिव्हिजनमधला, नाव सांगून काही उपयोग नाही. तीच एकदा म्हणाली, तुझी खोली रिकामी आहे ना, आमच्या क्लबात एक परका माणूस आलाय, त्याला ठेवून घेशील का?

इथे ही पद्धतच आहे. बाहेरून आलेल्या खेळाडूला कुणाच्या तरी घरी ठेवतात, जेवणखाण त्याच घरात. डिग्ज म्हणतात त्याला. बहुतेक वेळा ती सतरा-अठरा वर्षांची कोवळी मुलं असतात. हा मात्र बत्तीस वर्षांचा बाप्या निघाला. दारात उभा राहिला तेव्हा हातात एक बॅग, डोक्याला किंचित टक्कल, आणि चेहरा असा की जणू तोच आम्हाला घरात घेतोय. यांनी आतून विचारलं, "क्रिकेटवाला नाही का मिळाला एखादा?" मी डोळे वटारले तेव्हा गप्प बसले.

तो मला सेन्योरा म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत बाईसाहेब. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझं डिनर लेडीचं, पण आमचं अडलं कधीच नाही. पहिल्या आठवड्यात मी कच्च्या केळ्याचे काप केले होते, रव्यात घोळवून, तव्यावर. त्याने एक तोंडात टाकला आणि चावायचा थांबला. मला वाटलं, तिखट लागलं. पाणी द्यायला उठले तर म्हणाला, बसा, माझी आई करते हे. समुद्रकाठचा होता तो. त्यांच्याकडेही नारळाचा भात, हिरवी केळी, मासे. मी मूळची रत्नागिरीची. मग काय, विचारूच नका. केळी आणायला मी खास वेम्ब्लीला, आपल्या लोकांच्या दुकानांत जायला लागले. हे म्हणाले, एवढं तीस वर्षांत माझ्यासाठी नाही गेलीस कधी. मी म्हटलं, तुम्ही कधी तव्यासमोर असे डोळे भरून उभे राहिलात?

संध्याकाळी तो माझ्यासमोर लसूण सोलत बसायचा आणि बोलायचा. किती गावं हिंडला होता हा माणूस! सतराव्या वर्षी गावच्या क्लबात, मग त्यांच्या राजधानीत, जिथे इतक्या उंचावर त्याला श्वास पुरायचा नाही. मग अर्जेंटिना, मेक्सिको, मग स्पेनमधली दोन गावं. तिथे आजोबांच्या नात्याने पासपोर्ट मिळाला म्हणून तर इथे येऊन खेळता आलं. मग ग्रीसचं एक बेट, मग तुर्कस्तान. पुढे खेळायचा, गोल करणं हे त्याचं काम, पण गोलांबद्दल तो फार बोलायचा नाही. गावं त्याच्या लक्षात राहिली होती ती खिडक्यांवरून. बिछान्यात पडल्या पडल्या काय दिसायचं ते सांगायचा. मेक्सिकोत सिमेंटची गिरणी. ग्रीसला एका म्हाताऱ्याचं वाळत घातलेलं जाळं. तुर्कस्तानात शाळेचं मैदान, आणि तो तिथे मुद्दाम पडदा लावून घ्यायचा. आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांची ट्रॅम्पोलिन दिसायची.

पडदा का लावायचा, ते नंतर कळलं. त्याला मुलगी होती. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, फोटो त्याने आमच्या लेकीच्या आरशाला खोचून ठेवला होता. मुलीच्या आईने दुसरं लग्न केलं, आणि पोर वाढत होती याच्या आईपाशी. हा कायम परमुलखात. दर रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनकार्ड आणायचा आणि जिन्यात बसून तिच्याशी बोलायचा. तिला आणायची होती त्याला. पण क्लबवाले एका वर्षाच्या वर करार करत नव्हते, कधी कधी तर सहाच महिन्यांचा. दर वर्षी पोरीला नव्या देशात, नव्या शाळेत कसं घालणार? त्याने आईला शब्द दिला होता, एका जागी दोन वर्षं मिळाली की पोरीला घेऊन जाईन. पंधरा वर्षं खेळत होता, पण एका जागी दोन वर्षं त्याला कधी मिळाली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये एकदा जिन्यातून नाचतच खाली आला. नाताळला मुलगी येणार, आजीबरोबर, दोन आठवडे! क्लबात कुणीतरी सुट्टी देतो म्हणाला होता. याने लगेच पोरीला सांगूनही टाकलं. आता नाताळात इथे फुटबॉलला सुट्टी कसली? उलट दोन दिवसांआड मॅच. ते सगळं बारगळलं आणि फोनवर ती पोर अशी रडली की मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. फोन ठेवून तो जिन्यातच बसून राहिला. मला त्याची दया आली आणि रागही आला. दया आली की मी आधी रागावते. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुला अक्कल आहे की नाही? ठरायच्या आधी कुणी सांगतं का? आमच्यात नाही सांगत. हे घर घेतलं तेव्हा किल्ली हातात पडेपर्यंत मी सख्ख्या बहिणीला कळू दिलं नव्हतं. लेकीच्या ॲडमिशनचा कागद येईपर्यंत नाही बोललो. बोललं की दृष्ट लागते. चांगली गोष्ट पक्की होईपर्यंत तोंडातून काढायची नाही, घरातल्यांपाशीसुद्धा नाही!

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्यातही नजर लागते म्हणे, लहान मुलांच्या मनगटात लाल-काळे मणी बांधतात. "घरातल्यांपाशीसुद्धा नाही," असं माझ्या मागोमाग म्हणाला आणि मान डोलावली. मला बरं वाटलं. या घरात माझं ऐकणारा एक तरी आहे, असं यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलले.

उजवा गुडघा त्याला त्रास देत होता. त्याने कधी सांगितलं नाही, पण मला जिन्यावर कळलं. वर चढायचा ठीक, उतरताना मात्र आडवा होऊन एकेक पायरी. मॅचच्या दुसऱ्या दिवशी माझे फ्रोझन वाटाणे गायब व्हायचे, आणि मग त्याच्या खोलीत टॉवेलात गुंडाळलेले सापडायचे, बर्फाऐवजी गुडघ्यावर ठेवलेले. मी विचारलं, क्लबच्या डॉक्टरला दाखवलंस का? तर एकदम बोट ओठांवर. दुखऱ्या गुडघ्याचा फॉरवर्ड, तोही बत्तीस वर्षांचा, कोण ठेवून घेणार? मला ते पटलं. खोटेपणा आहे हा, असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. आपल्या माणसाचं पोट आहे त्याच्यावर, एवढंच दिसलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका मॅचनंतर गुडघा चांगलाच सुजला. तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता, ओठ पांढरे पडलेले. मी म्हटलं, पुरे झाले तुझे वाटाणे, बस इथे. मुका मार असो, लचक असो, आमच्याकडे एकच औषध. आंबेहळद आणि रक्त्याबोळ. सहाण काढली, उगाळायला बसले. पण आंबेहळदीची गाठ झिजून झिजून सुपारीएवढी उरली होती. एवढ्याशाने त्या दांडग्या गुडघ्याचं काय होणार? म्हणून मी डब्यातली स्वयंपाकाची हळद घातली. चांगली दोन मोठे चमचे. कढवली, सोसवेल इतका गरम लेप जाड थापला, वर जुन्या सुती साडीची पट्टी बांधली. आणि वर दटावलं, सकाळपर्यंत काढायची नाही.

त्याने काढली नाही.

सकाळी तो आमच्या बाथरूमच्या दारात उभा राहिला, पँट मांडीपर्यंत दुमडलेली. सूज खरंच उतरली होती. पण गुडघा असा पिवळाधमक की बघत राहावं. मांडीच्या अर्ध्यापासून पोटरीपर्यंत, आणि पट्टीच्या कडेने सरळ रेघ मारल्यासारखी. दुसरा पाय आपला जसाच्या तसा.

"सेन्योरा, हे कशाने जातं?"

आणि मला हसू फुटलं. काही केल्या थांबेना. यांना हाक मारून दाखवलं. म्हटलं, चार दिवसांत आपोआप जाईल, काही घासायला नको. आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलाला हळद लावतात, तुला लागलीच आहे तर आता मुलगी बघते. तोही हसला. अगदी गोड हसला. मग दार लावून घेतलं. आतून कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत होता. मी जिन्यातून ओरडलेसुद्धा, अरे, गीझर रिकामा करशील, एवढा काय नटतोयस! नंतर मला तिथे माझी भांडी घासायची तारेची घासणी सापडली आणि दोन पिळलेली लिंबं.

थोड्या वेळाने तो खाली आला तो चांगलं जॅकेट घालून. उन्हातून यावं तसा लाल झालेला. दारात किटमनची गाडी उभी होती. आता एवढा नटून थटून कुठे निघाला, असं आलं होतं माझ्या मनात. पण बाहेर पडणाऱ्याला कुठे म्हणून विचारायचं नाही, हे आईने लहानपणापासून बिंबवलेलं. मी विचारलं नाही. हातावर साखर ठेवली आणि दार उघडून धरलं.

अंधार पडल्यावर परत आला. उत्तरेकडे एका मित्राला भेटायला गेलो होतो म्हणाला. जेवला थोडंसं. लसूण सोलत बसला आणि त्या संध्याकाळी कुठल्याच गावाची खिडकी निघाली नाही.

खरं कळलं ते आठ दिवसांनी, शाळेत, कस्टर्डचं पातेलं घासताना. आयरिश बाईला वाटलं की मला सगळं ठाऊकच आहे. म्हणाली, काय नशीब बघ बिचाऱ्याचं, दोन वर्षांचा करार होता. उत्तरेतल्या एका मोठ्या क्लबला घाईने फॉरवर्ड हवा होता. खेळाडू विकत घेण्याची मुदत त्या आठवड्यात संपत होती. कागद तयार होते, फक्त डॉक्टरांची तपासणी राहिली होती, आणि तीही घाईची, नावापुरती. छाती ऐकली, पाठ बघितली, वाक म्हणाले, पळ म्हणाले. सगळं पार पडलं होतं. मग डॉक्टरचं लक्ष पायाकडे गेलं. म्हणाला, हे काय बुवा पिवळं? याने सांगितलं, रंग लागला. डॉक्टरही हसला म्हणे. पण हसता हसता वाकला आणि गुडघा हातात घेतला. दाबला. मग स्कॅनला पाठवलं. दुपारी नाही म्हणून सांगितलं. तिचा नवरा बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होता.

"तुझ्या त्या पिवळ्या मसाल्यापायी गं," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मी पातेलं घासत राहिले. घरी कशी आले ते मला आठवत नाही.

लेकीला फोन केला. तिला मराठी येतं, पण आपलं विलायती. "आई, तू त्याच्या गुडघ्याला हळद लावली? ओ माय गॉड." मग माझा आवाज ऐकून गडबडली. म्हणाली, ते लोक स्कॅन करतातच गं, इट वॉज गोइंग टू शो एनीवे, तुझा फॉल्ट नाही. मी म्हटलं, नक्की? घाईतसुद्धा करतात? ती जरा थांबली. तेवढं थांबणं मला पुरलं.

मी त्याला काही म्हणाले नाही. मी, जी दुकानदाराशी एका सडक्या टोमॅटोवरून भांडते, ती मी मे महिन्यापर्यंत त्याच्यासमोर बसून भाजी निवडत राहिले आणि तोंड उघडलं नाही. रोज ठरवायचे, आज बोलते. मग तो केळ्याचे काप खाताना बघायचे आणि धीर व्हायचा नाही. त्यानेही अवाक्षर काढलं नाही. गुडघ्याची बातमी त्याच्या क्लबातही पोचलीच. त्याला शेवटच्या दहा मिनिटांपुरतं उतरवायला लागले, मग तेही बंद झालं. गुडघ्याचा पिवळा रंग तीन आठवड्यांनी गेला. मी रोज चोरून बघायचे.

मे महिन्यात गेला. एक बॅग. फोटो आरशावरून काढून खिशात ठेवला. मी हातावर दही घातलं, ते त्याने चाटून घेतलं आणि वाकून माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. आमचे हे, ज्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, ते गाडी वळेपर्यंत बाहेर उभे होते.

मग कार्डं यायची. सायप्रस, खिडकीतून पेट्रोल पंप. व्हेनेझुएला, खिडकीतून भिंत. पेरू, कुठल्याशा डोंगरातला क्लब, खिडकी नाही. प्रत्येक कार्डावर शेवटी लिहिलेलं असायचं, गुडघा ठीक. मी ती कार्डं चष्मा पुसून पुसून वाचायचे आणि पोरीचं वय मोजायचे. नऊ. दहा. अकरा.

ती बारा वर्षांची झाली असेल तेव्हा त्याचा फोन आला. रविवार दुपार होती, मी इस्त्री करत होते. खेळणं संपलं होतं, आता गावी आईकडे राहत होता, मुलांना शिकवत होता. आवाज तोच. केळी मिळतात का वेम्ब्लीला, सेन्योर कसे आहेत, सगळं विचारलं. मी सवयीने विचारलं, खिडकीतून काय दिसतं आता? तो म्हणाला, रस्ता. मुलगी शाळेतून येताना दिसते. मी रोज त्या वेळेला उभा असतो.

मग म्हणाला, ती वर बघत नाही.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं. म्हटलं, मला माहीत आहे. तो दोन वर्षांचा करार, तो डॉक्टर, माझी हळद, सगळं मला त्याच महिन्यात कळलं होतं आणि मी भेकडासारखी गप्प बसले. तुझी पोर माझ्यामुळे आली नाही. मला माफ कर. आणि तू तरी का नाही रे सांगितलंस? त्या सकाळी दारातून एक शब्द बोलला असतास तर मी हसले नसते. मी स्वतः घासून काढला असता तो पाय.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो मला समजावायला लागला, जसं काही माझंच बोट कापलं होतं. म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत ना, पक्कं होईपर्यंत कुणाला बोलायचं नाही? मी आईला सांगितलं नव्हतं, तुम्हाला नाही, मुलीलाही नाही. तुमचं ऐकलं ते बरं झालं, सेन्योरा. नाहीतर पुन्हा रडली असती ती."

मी विचारलं, म्हणजे तिला अजून माहीत नाही? की तू तिला आणणारच होतास, अगदी कागद तयार होते?

नाही म्हणाला. तिला वाटतं, बापाने कधी आणायचा प्रयत्नच केला नाही.

मी म्हटलं, सांग तिला. आज सांग. फोन दे तिच्याकडे, मी सांगते.

तो म्हणाला, आता काय सांगायचं, झालं नाही ते. मग त्यांच्याकडे कुणीतरी दार वाजवलं आणि त्याला फोन ठेवावा लागला. इस्त्रीखाली यांच्या शर्टाची बाही जळून गेली होती. मी ती इस्त्री उभी केली आणि तिथेच जिन्यात, तो बसायचा त्या पायरीवर, बसून राहिले.